मलिक अंबर : सब्र आणि नवनिर्मितीचे जीवन

पुण्याहून मुंबईकडे जाणारी गाडी कामशेत सोडून मळवलीकडे निघाली की डाव्या हाताला लोहगड आणि विसापूर हे दोन किल्ले दिसू लागतात. पायथ्याला भाताची खाचरे, मधून वाहणारी इंद्रायणी आणि पलीकडे सह्याद्रीची रांग, असा हा मावळ प्रदेश. बाहेरून पाहणाऱ्याला तो शांत वाटतो. परंतु गेल्या दीडशे वर्षांत या भूमीइतके बदल फार थोड्या प्रदेशांनी सोसले असतील. 1863 साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि लोणावळ्याचे रूप पालटले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वळवणसारखे तलाव बांधले गेले. त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीला नेऊन वीज निर्माण होऊ लागली आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. 2002 पर्यंत द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. तळेगाव-चाकणच्या बाजूने कारखाने आले, हिंजवडीत संगणकाची कार्यालये उभी राहिली आणि खंडाळ्यापर्यंत डोंगरउतारांवर बंगले दिसू लागले.

या बदलांनी काही घरांत सुबत्ता आली, तर काही घरांत अस्वस्थता. कोठे वडिलांची जमीन विकली गेली आणि हाती आलेला पैसा काही वर्षांत ओसरला. कोठे मुलगा एक काम शिकला आणि ते काम यंत्र करू लागले. दूरच्या देशात युद्ध पेटले की आखातात नोकरीस गेलेल्या मुलाच्या आईची झोप उडते. आजोबांना ठाऊक असलेले जग नातवाला ओळखू येत नाही आणि नातवाचे जग आजोबांना. अशा वेळी मन दोन टोकांना जाते. काहीजण गेलेल्या दिवसांचा शोक करीत बसतात. काहीजण जे येईल त्यात वाहून जातात. इस्लामने या दोहोंपेक्षा वेगळा मार्ग दाखविला आहे, आणि त्या मार्गाचे नाव सब्र असे आहे.

सब्र म्हणजे मुकाट्याने सोसणे, असा अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. तो अपुरा आहे. पाय रोवून उभे राहणे, नैराश्याला शरण न जाता आपले कर्तव्य करीत राहणे, हा सब्रचा खरा आशय होय. हा आशय एखाद्या मानवी जीवनात पाहावयाचा असेल तर आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासात एक ठळक चरित्र आहे. लोहगड, तुंग, तिकोना हे मावळातील किल्ले ज्या अहमदनगरच्या निजामशाहीत मोडत होते, त्या निजामशाहीला तिच्या पडत्या काळात पंचवीस वर्षे तोलून धरणारे मलिक अंबर यांचे ते चरित्र होय.

विकले गेलेले बालपण

सन 1548 च्या सुमारास आजच्या इथिओपियात, म्हणजे त्या काळच्या हबश देशात, एक मुलगा जन्मला. त्याचे मूळ नाव चापू असे सांगितले जाते. हबश देशाविषयी मुसलमानांच्या मनात आदर आहे. मक्केतील छळाला कंटाळून निघालेल्या पहिल्या मुहाजिरांना तेथील राजा नजाशी याने आश्रय दिला होता, हजरत बिलाल (रजि.) हेही मूळचे हबशीच. परंतु सोळाव्या शतकात त्या भूमीतून माणसांचा व्यापार चालत असे. चापू लहानपणीच त्या व्यापारात सापडला. मोखा बंदराच्या बाजारात तो विकला गेला आणि पुढे बगदादला पोहोचला.

आई-वडील, गाव, भाषा, स्वतःचे नाव, यांपैकी काहीही त्या मुलाजवळ उरले नाही. आज आपण ज्याला उलथापालथ म्हणतो तिची यापेक्षा कठोर कल्पना करणे अवघड आहे. बगदादमध्ये मीर कासिम नावाच्या मालकाने मात्र त्याची बुद्धी ओळखली आणि त्याला शिक्षण दिले. तेथे तो इस्लामच्या छायेत आला आणि त्याला अंबर हे नाव मिळाले. सर्वस्व हिरावले गेलेल्या मुलाच्या हाती आता दोन गोष्टी आल्या होत्या : ईमान आणि विद्या. ज्याला कोणीही पुन्हा बाजारात विकू शकत होते, त्याच्याकडून या दोन गोष्टी मात्र कोणाला काढून घेता येणार नव्हत्या.

1570 नंतरच्या काही वर्षांत अंबर दख्खनला आला. अहमदनगर दरबारचा पेशवा चंगीझ खान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझ खान स्वतःही हबशीच होता आणि एकेकाळी गुलामच होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. त्याच्या सहवासात अंबर राज्यकारभार, लष्कराची व्यवस्था आणि दरबाराची रीत शिकला. पेशव्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. गुलामाला मुक्त करणे हे इस्लामने थोर पुण्यकर्म मानले आहे आणि अनेक चुकांचे प्रायश्चित्त म्हणून ते सांगितले आहे. त्या एका कृतीने पुढे केवढे कार्य उभे राहिले, हे मुक्त करणाऱ्या त्या स्त्रीला कधी कळलेही नसेल.

येथे हजरत यूसुफ (अ.) यांची आठवण होते. भावांनी विहिरीत टाकलेले, अल्प किमतीत विकले गेलेले, तुरुंगात पडलेले यूसुफ (अ.) परक्या देशात धान्याच्या कोठारांचे व्यवस्थापक झाले आणि दुष्काळात त्यांनी हजारो जीव वाचविले. प्रेषितांची बरोबरी कोणाही सामान्य माणसाशी होऊ शकत नाही. परंतु पवित्र कुरआनने ती कथा सर्व काळांतील श्रद्धावंतांसाठी सांगितली आहे, ती अशाच अर्थाने की परके ठिकाण आणि पडलेली अवस्था यांमुळे माणसाच्या उपयुक्ततेचा अंत होत नाही.

दीडशे स्वारांपासून

मुक्त झाल्यावर अंबर यांनी करीमा नावाच्या हबशी स्त्रीशी विवाह केला. काही काळ ते विजापूरच्या सेवेत होते; तेथेच त्यांना मलिक हा किताब मिळाला. पुढे 1595 च्या सुमारास ते सुमारे दीडशे स्वारांनिशी पुन्हा अहमदनगरकडे आले. ती वेळ अत्यंत बिकट होती. उत्तरेकडून अकबर बादशहाच्या फौजा दख्खनवर उतरत होत्या आणि अहमदनगरचे सरदार आपसांत भांडत होते. चांदबीबीने किल्ला लढविला, पण तिचाही अंत घरभेद्यांच्या हातून झाला. 1600 साली अहमदनगर मोगलांच्या ताब्यात गेले.

राजधानी गेली, राजा कैद झाला, तेव्हा बहुतेकांनी निजामशाही संपली असे मानले. मलिक अंबर यांनी राजघराण्यातील एका तरुणाला परांडा येथे मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसविले आणि विखुरलेली माणसे गोळा करण्यास प्रारंभ केला. 1602 साली नांदेडजवळच्या लढाईत ते जबर जखमी झाले. त्यांच्या निष्ठावंत सैनिकांनी त्यांना रणांगणातून उचलून नेले म्हणून प्राण वाचले. जखमा भरल्यावर त्यांनी मोगलांशी तह केला, सीमा ठरवून घेतली आणि मिळालेल्या सवडीचा उपयोग अंतर्गत व्यवस्थेसाठी केला.

त्यानंतर राजधानी परांड्याहून जुन्नरला आली. जुन्नर म्हणजे मावळचा उत्तरेकडील शेजार. काही वर्षे या सह्याद्रीच्या कुशीतून निजामशाहीचा कारभार चालला. 1610 साली अहमदनगर परत मिळाले, राजधानी दौलताबादला गेली आणि त्याच सुमारास मलिक अंबर यांनी खडकी नावाच्या खेड्याच्या जागी एक नवे नगर वसविण्यास सुरुवात केली.

ज्यांच्याशी रक्ताचे किंवा भाषेचे नाते नव्हते अशा माणसांचा विश्वास त्यांनी कसा मिळविला, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. त्यांच्या सैन्यात हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मोठ्या संख्येने मराठा स्वार होते. भोसले घराण्यातील शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी त्यांच्या बाजूने लढले. मोगलांची जड फौज, तोफा आणि हत्ती यांच्यासमोर मैदानात उभे राहणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी डोंगर, दऱ्या आणि वाटा जाणणाऱ्या या स्वारांच्या बळावर गनिमी काव्याची पद्धत विकसित केली. शत्रूची रसद तोडावयाची, रात्री छापा घालावयाचा आणि पहाटेपूर्वी डोंगरात दिसेनासे व्हावयाचे. परक्या देशातून आलेल्या माणसाने येथील भूमी आणि येथील माणसे अशी आपलीशी केली.

उद्ध्वस्त नगर आणि पाण्याची वाट

1616 साली रोशनगावच्या लढाईत मलिक अंबर यांचा मोठा पराभव झाला. विजयी फौज खडकीत शिरली आणि सहा वर्षे खपून उभारलेले नगर तिने उद्ध्वस्त केले. पुढच्याच वर्षी शहजादा खुर्रम, म्हणजे भावी शाहजहान, मोठी फौज घेऊन दख्खनला आला. मलिक अंबर यांना अहमदनगरसह जिंकलेला मुलूख परत द्यावा लागला. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या जवळ होते.

या वयात, अशा अवस्थेत, कोणीही हात टेकले असते. त्यांनी मात्र नगराची पुन्हा उभारणी केली. 1617-18 च्या सुमारास खडकीसाठी पाण्याची ती प्रसिद्ध योजना आकाराला आली, जी नहर-ए-अंबरी या नावाने ओळखली जाते. नगराच्या उत्तरेच्या डोंगरातील भूगर्भातील झरे शोधून त्यांचे पाणी जमिनीखालील बांधीव मार्गाने आणि मातीच्या नळांतून नगरात आणले गेले. कोठेही पाणी उपसावे लागत नव्हते. जमिनीचा नैसर्गिक उतार अचूक मोजून ते आपोआप वाहत असे. मार्गात ठिकठिकाणी हवा खेळती राहावी आणि गाळ काढता यावा म्हणून मनोरे आणि विहिरी ठेवल्या होत्या. मशिदीच्या हौदापासून सामान्य वस्तीपर्यंत ते पाणी पोहोचत होते.

लढाई हरलेल्या माणसाने पाण्याचा विचार करावा, यात एक मोठी शिकवण आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी असे शिकविले आहे की कयामत येऊन ठेपली आणि तेव्हा कोणाच्या हातात रोपटे असले, तर शक्य असल्यास त्याने ते लावावे. फळ आपल्याला मिळेल की नाही याचा हिशेब न करता चांगले काम पूर्ण करणे, हीच आशेची इस्लामी व्याख्या म्हणावी लागेल. इतरांना पाणी मिळवून देणे हा तर सदका-ए-जारिया मानला गेला आहे. करणारा निघून गेला तरी त्याचे पुण्य चालू राहते.

1621 साली मोगल फौजांनी खडकी पुन्हा उजाड केली. नगर पुन्हा उभे राहिले. नहरीचे काही भाग तर विसाव्या शतकापर्यंत वापरात होते. मधल्या काळात त्या नगराची नावे बदलली : खडकीचे फतेहनगर झाले, नंतर औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. राजवटी आल्या आणि गेल्या, पाणी मात्र तहानलेल्याचे नाव न विचारता वाहत राहिले.

रयतेचे माप

मलिक अंबर यांचे दुसरे मोठे कार्य आपल्या मावळाशी अधिक जवळचे आहे. त्या काळी अनेक ठिकाणी सारा वसुलीचा मक्ता दिला जात असे. मक्तेदार सरकारला ठराविक रक्कम देई आणि शेतकऱ्याकडून हवे तेवढे उकळी. मलिक अंबर यांनी ही मक्तेदारी मोडली. जमिनीचा कस पाहून तिची प्रतवारी ठरविली, प्रत्यक्ष पिकाच्या प्रमाणात सारा घेण्यास सुरुवात केली आणि काही हंगामांचा अनुभव घेतल्यावर त्याचे रोख रकमेत रूपांतर केले. गावचा पाटील आणि गावची जुनी व्यवस्था यांना पुन्हा बळ दिले. या कामात हिंदू कारकून आणि मुसलमान अधिकारी एकत्र होते.

मोजमापात आणि तोलात न्याय राखण्याचा पवित्र कुरआनचा आदेश बाजारातील तराजूपुरता मर्यादित नाही. शेतकऱ्याच्या अंगणातील धान्याच्या राशीलाही तो लागू आहे, आणि राज्यकर्त्याला तर सर्वांत आधी.

मलिक अंबर यांच्या निधनानंतर थोड्याच वर्षांत पुणे परगण्यावर भीषण संकट कोसळले. 1630 च्या सुमारास पुणे विजापूरच्या फौजेने उद्ध्वस्त केले आणि त्याच काळात दख्खनमध्ये महादुष्काळ पडला. गावे ओस पडली. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचे कारभारी दादोजी कोंडदेव यांनी पुणे आणि मावळ पुन्हा वसविण्याचे काम हाती घेतले. तेव्हा सारा ठरविताना त्यांनी मलिक अंबर यांच्याच पद्धतीचा आधार घेतला, असे इतिहासकारांनी नोंदविले आहे. म्हणजे हबश देशातून गुलाम म्हणून आलेल्या एका मुसलमानाने घालून दिलेले न्याय्य माप, त्याचे राज्य लयास गेल्यावरही, मावळातील उजाड शेते पुन्हा पिकविण्याच्या उपयोगी पडले.

अखेरचे पर्व

1624 साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, मलिक अंबर यांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी लढाई जिंकली. मोगल आणि विजापूर यांच्या फौजा एकत्र येऊन त्यांच्यावर चालून आल्या होत्या. अहमदनगरजवळ भातवडी येथे त्यांनी तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला, रसद तोडली आणि थकलेल्या फौजेवर हल्ला चढविला. या लढाईत शरीफजी भोसले कामी आले.

दोन वर्षांनी, मे 1626 मध्ये, मलिक अंबर यांचे निधन झाले. खुलदाबाद येथे सूफी संतांच्या सहवासात त्यांची कबर आहे. जहांगीर बादशहा आयुष्यभर त्यांचा द्वेष करीत राहिला. आपण मलिक अंबरच्या मस्तकावर बाण सोडीत आहोत, असे चित्र त्याने चित्रकाराकडून काढून घेतले होते. रणांगणात जे साधले नाही ते कागदावर. परंतु मलिक अंबर यांच्या मृत्यूनंतर मोगल दरबारच्याच इतिहासकाराने त्यांच्या शौर्याची आणि व्यवस्थापनाची मुक्तपणे प्रशंसा लिहून ठेवली.

मलिक अंबर हे वली नव्हते. सत्तेच्या राजकारणात जो कठोरपणा असतो तो त्यांच्यातही होता, आणि सततच्या युद्धाची झळ रयतेला बसलीच. त्यांचा पुत्र फतेह खान वडिलांच्या योग्यतेचा निघाला नाही. 1633 साली दौलताबाद मोगलांच्या हाती गेले आणि 1636 पर्यंत निजामशाही नामशेष झाली. ज्या गादीसाठी ते पंचवीस वर्षे लढले ती त्यांच्यामागे दहा वर्षेच टिकली. कोणतेही साम्राज्य कायमचे नसते; कायम तो एकच, ज्याच्या हाती सर्व सत्ता आहे. या चरित्रातील आशेचा पाया गादीवर असता तर तो गादीबरोबरच ढासळला असता. तो पाण्याच्या वाटेवर आणि न्यायाच्या मापावर होता, म्हणून चारशे वर्षांनंतरही त्यापासून काही घेता येते.

आपल्यासाठी

मावळात असो, लोणावळ्यात असो वा अन्यत्र, बदलाच्या प्रवाहात सापडलेल्या आपल्या कुटुंबांनी या जीवनातून तीन गोष्टी घ्याव्यात असे वाटते.

पहिली गोष्ट, जे हिरावले जाऊ शकत नाही त्यात मुलांची गुंतवणूक करावी. जमीन विकून आलेला पैसा गाडीत आणि समारंभात सरतो. मुलाने आणि मुलीने मिळविलेली विद्या, हातातले कसब आणि हृदयातले ईमान कोणत्याही बाजारात विकले जात नाही. गुलामांच्या बाजारातून निघालेल्या मुलाची कहाणी याची साक्ष आहे.

दुसरी गोष्ट, संकटात आपल्यापुरते पाहू नये. नहर एका वाड्यासाठी खणली गेली नव्हती. आपल्या वस्तीतील वाचनालय, आजाऱ्याला मदत करणारा गट, वाहता झरा जपण्याचे काम, शेजारच्या गरीब मुलाची फी, अशा लहान नहरी आजही खणता येतात. शेजारी कोणत्या धर्माचा आहे हे तेथे विचारावयाचे नसते.

तिसरी गोष्ट, व्यवहार चोख ठेवावा. जग कितीही वेगाने बदलो, खरे माप आणि पाळलेला शब्द यांची किंमत उतरत नाही. ज्याच्या मापावर लोकांचा विश्वास असतो त्याला परक्या ठिकाणीही घर मिळते.

पवित्र कुरआनने कष्टासोबत सुलभतेचे आश्वासन दिले आहे आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होण्यास मनाई केली आहे. हे आश्वासन हातावर हात ठेवून बसणाऱ्यासाठी नाही. जखमेतून उठणाऱ्यासाठी, उजाड नगरात पाण्याचा उतार मोजणाऱ्यासाठी ते आहे. अल्लाह आपणा सर्वांना सब्र, सद्बुद्धी आणि इतरांच्या उपयोगी पडण्याचे सामर्थ्य प्रदान करो. आमीन.